जाळी कापणाऱ्याची

लोखंड कापायचा भाव सांगणं म्हणजे खोटं बोलणं. आमच्या गल्लीत सगळे एकच खोटं बोलत होते, म्हणून ते खरं ठरलं होतं.

गिऱ्हाईक प्लेट घेऊन येतं. यातून एवढ्या रिंगा, एवढे चौकोन कापून द्या म्हणतं. आपण जाडी बघायची, कापायची लांबी मोजायची. ऑक्सिजन किती जाईल, ग्राइंडरवर माणूस किती वेळ बसेल, बघायचं. हा झाला खर्च. मग भाव सांगायचा तो खर्चापेक्षा कमी. हो, कमी. कारण माल कापून झाला की प्लेटीची जी भोकाभोकांची जाळी उरते ती गिऱ्हाईक नेत नाही. ती कापणाऱ्याची. जाळी भंगारवाला वजनावर नेतो. रिंगेच्या पोटातून निघालेली गोल चकती लेथवाला त्याहून बऱ्या भावानं नेतो. कापायच्या भावात जेमतेम गॅस निघतो, पोट निघतं ते जाळीत. कन्नड मुलखात, यशवंतपूरच्या रेल्वे यार्डामागं आमची गल्ली, तिथल्या प्रत्येक शेडात हाच हिशेब. आणि हा हिशेब कुणी तोंडानं बोलत नसे. लग्नाला बोलावताना आहेर किती घालणार असं कुणी विचारतं काय? तसंच हे. जाळीचं नाव काढणारा माणूस हलका.

आमच्या शेडात भाव मीच सांगायची. माझा नवरा दयानंद खानापूरकडचा, हात सोन्याचा आणि तोंड मातीचं. गॅसची टॉर्च धरली की रेघ अशी कापणार की कानस मारायला नको. पण गिऱ्हाइकानं "एष्टु?", किती, असं विचारलं की हा मान खाली घालून म्हणणार, "बघू की, काम होऊ दे." काम झाल्यावर गिऱ्हाईक देईल ते घेणार. लग्नानंतर दोन वर्षं मी हे बघितलं आणि मग एक दिवस खुर्ची ओढून शेडाच्या दारात बसले. तेव्हापासून भाव माझा.

सत्त्याण्णव साली पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत एका मोठ्या कारखान्यानं कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन आणलं. बटण दाबलं की आपोआप कापतं, कड आरशासारखी. भाव आमच्या अडीचपट. तरी कंपन्या तिकडं पळाल्या. मला वाटायचं, कॉम्प्युटरचा माज आहे, माजाचे पैसे घेतात. त्या अडीचपटीचं दुसरं काही कारण असेल, हा विचार माझ्या टाळक्यात आला नाही. गल्लीत कुणाच्याच आला नाही.

पावसाळा संपेपर्यंत आमचं मशीन थंड पडलं होतं. साधं पँटोग्राफ मशीन ते: वर फर्म्यावरून चाक फिरतं, खाली टॉर्च तसाच आकार कापत जाते. दयानंद रोज सकाळी त्याला तेल घालायचा आणि नुसता बसायचा. एक दिवस म्हणाला, "नंजप्पाला किल्ली देऊन टाकतो." नंजप्पा म्हणजे शेडाचा मालक.

"आणि?"

"पीण्यात माणसं घ्यायलेत. आठ तास उभं राहायचं, पगार घ्यायचा. कटकट नाही."

"आणि मी?"

"तू घरी. आरामात."

"आराम तुमच्या आईला द्या," मी म्हटलं. "या शेडात मला लोक भाव विचारतात. घरात मला मीठ कुठं ठेवलंय ते विचारतात."

आमचा गुंडू ग्राइंडरजवळ बसून विडी ओढत होता. दयानंदच्या गावचा, पन्नाशीचा, बायको टाकून गेलेला, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "वहिनी, मीठ कुठं ठेवलंय ते मलाबी सांगून ठेवा. दादा पीण्याला गेला की मी जेवायला तुमच्याकडंच."

"तू गप रे."

"गपच बसलोय की दोन महिने. मशीनबी गप, मीबी गप."

दयानंद उठला आणि ओरडला. तो क्वचित ओरडतो, पण ओरडला की रेल्वेला ऐकू जातं. "या महिन्यात एक मोठं काम आण. एक! नाही आलं तर किल्ली नंजप्पाच्या हातात. शपथ!"

"आणते! आणि ही खुर्ची इथनं कोण हलवतंय बघते!"

"अरे वा! मराठी?"

दारात एक पोरगेलासा माणूस उभा. इस्त्रीचा शर्ट, कमरेला पेजर, पायात बूट आणि बुटांना चिखल लागल्याचं दुःख तोंडावर. नाव शार्दूल. पुण्याचा. होसूर रोडला कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीची इमारत उठत होती, तिच्या ठेकेदाराकडं खरेदीचा साहेब. राहायला बनशंकरीत. हे सगळं त्यानं चहा यायच्या आत सांगून टाकलं. "वर्ष झालं इथं येऊन, ताई. दिवसभर हिंदी आणि इंग्लिश. असं रस्त्यात कुणी भांडताना ऐकलं की इतकं बरं वाटतं!"

आमच्या भांडणानं बरं वाटलेला तो पहिलाच माणूस.

त्याला पाइपांसाठी रिंगा हव्या होत्या. पंचवीस एमएम जाडीची प्लेट, बाहेरून फूटभर, आतलं भोक अर्धा फूट. तीनशे नग. प्लेट त्यांची. पीण्यातल्या मशीनला दीड महिन्याची रांग होती आणि याला आठवड्यात माल पाहिजे होता.

"पीण्यात काय सांगितलं?" मी विचारलं.

"पंच्याऐंशी. एका रिंगेला. कॉम्प्युटर आहे ना."

मी मनात हिशेब केला. एका रिंगेचा माझा खर्च पंचेचाळीस. आणि प्रत्येक रिंगेमागं आठ किलोच्या वर लोखंड उरणार, जाळी आणि चकती मिळून. तीनशे रिंगा. अडीच टनाच्या आसपास! एवढी जाळी आमच्या शेडानं कधी बघितली नव्हती.

"पस्तीस," मी म्हटलं.

त्याच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, महाग वाटलं. आज कळतं, स्वस्त वाटलं म्हणून गेल्या होत्या. पण तो पुण्याचा होता, म्हणाला, "ताई, आपल्या माणसाला पस्तीस? मग परक्याला किती?"

"परक्याला चाळीस."

"तीस करा. आपण आपल्याला धरून राहायचं नाही तर इथं कुणी राहायचं? आणि हे पहिलंच काम आहे. पुढं दर महिन्याला असाच माल निघणारे."

दर महिन्याला. मी दयानंदकडं बघितलं. तो बुटांकडं बघत होता. गुंडूनं विडी विझवली.

"सरी, ठीक," मी म्हटलं. "तीस."

जाळीचं तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. कोण बोलतं?

प्लेटी आल्या. साडेपाच टन लोखंड लॉरीतून उतरलं तेव्हा गल्ली बघायला जमली. समोरच्या शेडातला विठोजी निपाणीचा, दयानंदसारखंच मशीन, दयानंदसारखीच बेकारी. तो प्लेटीवर हात फिरवत म्हणाला, "वहिनी, काय दसरा आलाय तुमच्याकडं! जाळी मोजून वेड लागंल."

"तुझ्या तोंडात साखर."

"साखर नको, एखादी चकती टाका."

हे तो बोलला. दिवसाढवळ्या, माझ्या दारात, गल्लीसमोर. ध्यानात ठेवा.

मग मशीन चाललं. किती दिवसांनी तो आवाज! फर्म्यावर चाक गरगर, खाली निळी ज्योत, प्लेटीच्या पोटातून ठिणग्यांचा पाऊस. दयानंदची पाठ सरळ झाली. दुपारी डबा खाताना तो हसलासुद्धा. गुंडू प्रत्येक रिंग निघाली की बोंब मारायचा, "आली रे म्हातारीची बांगडी!" पण तीनशे रिंगांना ऑक्सिजन लागतो ढीगभर, आणि गॅसवाला दोन महिन्यांच्या बेकारीनंतर उधार देईना. मी काय केलं? आम्ही नेहमी जे करतो तेच. पहिल्या प्लेटींच्या जाळ्या भंगारवाल्याला घातल्या, चकत्या लेथवाल्याला दिल्या, आणि त्या पैशाचे सिलिंडर आणून पुढच्या रिंगा कापल्या. त्याचंच काम त्याच्याच जाळीवर चालवलं. जगातल्या कुठल्याही कोर्टाला विचारा, चोरी. आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारा, धंदा.

ठरल्या दिवशी सकाळी शार्दूल लॉरी घेऊन आला. रिंगा बघून खूष. एक उचलली, बोट फिरवलं. "क्लास! पीण्यापेक्षा भारी!" दयानंद लाजला. हमालांनी रिंगा चढवल्या. लॉरीवाला पुढं बसून कन्नडमध्ये घाई करत होता, "बेग, बेग!" शेवटची रिंग चढली आणि शार्दूलनं हात झटकले.

"हं. आता स्क्रॅप चढवा."

मला वाटलं, गंमत करतोय. "कसलं स्क्रॅप, साहेब?"

"कसलं म्हणजे? उरलेलं. साडेपाच टन दिलं होतं, रिंगा धरून साडेपाच टन परत पाहिजे. काट्यावर वजन होणार, मगच तुमच्या चलनावर सही."

"जाळी कापणाऱ्याची असते, साहेब."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणतं म्हणजे? रीत आहे."

"रीत?" तो हसला. वाईट नाही हसला, खरंच हसू आलं त्याला. "ताई, कंपनीचा माल आहे. तुम्ही शिंप्याला कापड देता, तो उरलेलं कापड ठेवून घेतो का?"

"ठेवतो!" गुंडू म्हणाला. "कुठल्या शिंप्यानं तुम्हाला चिंधी परत दिली सांगा!"

शार्दूलनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पीण्यात स्क्रॅप परत देतात. किलो न् किलो. सगळीकडं देतात."

तेव्हा पंच्याऐंशीचं कोडं सुटलं. तो माज नव्हता. तो जाळी परत करणाऱ्याचा भाव होता. आणि मी तीस सांगितले होते.

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं का? मला वाटलं, छोटं शेड, खर्च कमी, शिवाय आपली माणसं. म्हणून स्वस्त."

त्याला रीत ठाऊक होती की नव्हती, देव जाणे. मी तेव्हापासून हजार वेळा विचार केलाय. ठाऊक असेल तर तो हरामखोर. ठाऊक नसेल तर जास्तच, कारण अर्ध्याहून कमी भाव ऐकून ज्याला एकदाही हे कसं परवडतं असं वाटत नाही, त्यानं माणसं कापलेली असतात, लोखंड नव्हे.

"उरलंय किती?" त्यानं मागं डोकावून विचारलं. मागं जाळ्यांचा ढीग होता, पण तो सगळा नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "बाकीचं कुठाय?"

दयानंद बोलला. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला असेल. "विकलं."

"विकलं? आमचा माल विकला?"

"गॅस आणला त्याचा. तुमच्याच कामाला."

शार्दूलचं तोंड बदललं. आवाजातलं पुणं गेलं, साहेब आला. "याला काय म्हणतात माहितीये ना? मी इथून सरळ पोलीस स्टेशनला जाऊ शकतो. ही चोरी आहे, चोरी."

दयानंदच्या तोंडावर कुणी ज्योत धरावी तसं झालं. मी ओरडले, "गुंडू, चढ लॉरीवर! उतरव रिंगा सगळ्या! पंच्याऐंशीनं पैसे ठेवल्याशिवाय एक रिंग बाहेर जाणार नाही!" गुंडू माकडासारखा वर चढला. एक रिंग त्यानं खाली टाकलीसुद्धा, ठण्णकन, लॉरीवाला शिव्या घालत उतरला.

"उतर खाली," दयानंद म्हणाला.

"अहो, रिंगा गेल्या की आपल्या हातात काय राहणार?"

"उतर म्हणतो ना गुंडू. चोर म्हणाला तो. रिंगा अडवल्या की खरंच होतं ते."

गुंडू उतरला. टाकलेली रिंग उचलून त्यानं परत ठेवली.

मी म्हटलं, ठीक. रीत मी एकटीनं काढलेली नाही. गल्ली आहे, गल्ली सांगेल. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून हाक मारली, "विठोजीभाऊ! जरा बाहेर या. या साहेबांना सांगा जाळी कुणाची असते."

विठोजी बाहेर आला. आजूबाजूच्या शेडांतनंही माणसं दारापर्यंत आली. दारापर्यंतच. विठोजीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग लॉरीकडं, रिंगांच्या थप्प्यांकडं. मग शार्दूलच्या बुटांकडं. दर महिन्याला असाच माल निघणार, हे गल्लीला मीच तोंडभर सांगितलं होतं. किती शहाणी मी!

"जाळी?" विठोजी म्हणाला. "कसली जाळी, वहिनी?"

"विठोजी!"

"ज्याचा माल त्याची जाळी. आम्ही तर परत देतो, साहेब. नेहमी."

"एक चकती टाका म्हणून कोण म्हणत होतं रे भाड्या?" गुंडू धावला. मी त्याला धरलं. विठोजी माझ्या नजरेला नजर देईना. मी दुसऱ्या शेडाकडं बघितलं, तो माणूस आत गेला. तिसऱ्याकडं बघितलं, त्यानं ग्राइंडर सुरू केला, रिकामाच, कशालाही न लावता. ज्या जाळीवर यांच्या पोरांच्या शाळा चालल्या, यांच्या बायकांच्या गळ्यात सोनं आलं, ती एका सकाळीत कुणाचीच नव्हती. मला राग आला तो विठोजीचा नाही. घरात काही नसलं की माणूस बापालाही ओळखत नाही. राग आला तो माझा. जे तोंडानं कधी बोललो नाही, त्याला साक्षीदार शोधत होते मी.

"झालं?" शार्दूल म्हणाला.

उरलेल्या जाळ्या आणि चकत्या चढवल्या. लॉरी मार्केटच्या तोंडाशी काट्यावर गेली आणि चिठ्ठी घेऊन परत आली. आठशे किलोच्या वर कमी.

"त्यातलं अडीचशे जळालंय, साहेब," दयानंद म्हणाला. "कापताना ज्योतीखाली लोखंड जळतं. वितळून खाली सांडतं. ते परत येत नाही. पीण्यातबी येत नाही."

"बरोबर. तेही जळालं."

"खरंच सांगतो."

"दयानंद, मला वरती हिशेब द्यायचाय. वजन जुळवा. कुठलंही लोखंड द्या, मला चालेल. लोखंड ते लोखंड. नाहीतर चलनावर मी चोरी लिहिणार."

कुठलंही लोखंड द्या. हे शब्द ऐकून दयानंद आत जाऊन शेड रिकामं करू लागला. आधी कोपऱ्यातले अँगल आणि सळ्या. मग जुने फर्मे, कितीतरी वर्षांचे, एकेक त्यानं हातानं कापलेला. लोखंड पकडायचा व्हाइस. ऐरण त्याच्या बापाची होती, खानापुराहून एसटीच्या टपावर आणलेली. ती त्यानं आणि गुंडूनं मिळून उचलली. गुंडू रडत होता आणि रडता रडता शार्दूलला अशा शिव्या देत होता की लॉरीवाला कान देऊन ऐकत होता.

"अहो, बस्स करा."

"वजन जुळलं की बस्स."

मग तो बेडकडं वळला. ज्या लोखंडी माचावर प्लेट ठेवून कापतात तो बेड. एवढं धूड उचलणार कसं? दयानंदनं हातानं धरायची टॉर्च पेटवली. आमच्या शेवटच्या सिलिंडरात थोडा ऑक्सिजन उरला होता. त्या ऑक्सिजननं त्यानं स्वतःचा बेड कापला. चार तुकडे, सरळ रेघेत. कानस मारायला नको असे. मी त्या कामाचा भाव काढला, सवयीनं. डोकं चालतच राहतं, हरामी.

लॉरी पुन्हा काट्यावर गेली, पुन्हा आली. दीडशे किलो कमी.

शेडात आता एकच लोखंड होतं. मशीन. दयानंदनं पाना घेतला आणि पायाचे बोल्ट सोडायला वाकला.

मी जाऊन मशीनवर बसले. पातळ गोळा करून, दोन्ही पाय वर घेऊन, मशीनच्या रुळावर मांडी घातली. "चढवा," मी म्हटलं. "मला धरून चढवा. माझं वजनबी धरा त्यात. पन्नास किलो आहे. साहेबांना कुठलंही चालतं."

"पद्मा, उतर."

"नाही."

"उतर गं."

"मला चोर म्हणाले तरी चालतंय. लिहू द्या. पोलीस बोलवा, मी इथंच बसते. चोराची बायको म्हणून बसते. पण हे नाही."

दयानंदनं पाना खाली ठेवला नाही. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सकाळपासून आम्ही दोघं पाणीही प्यायलो नव्हतो.

शार्दूलनं पेजर बघितला. साइटवरून सारखा वाजत होता. त्यानं मला बघितलं, रिकामं शेड बघितलं, आणि मग तो मोठा झाला. असा मोठेपणा मी आयुष्यात बघितला नव्हता. "जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "दीडशे किलो मी सांभाळून घेतो वरती. शेवटी आपलीच माणसं आहात." चलनावर त्यानं सही केली. चेक महिन्यानं मिळेल म्हणाला. मग दयानंदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काम मात्र क्लास आहे हां. पुढचा लॉट याच भावानं घेणार का?"

आणि दयानंद, माझा नवरा, ज्याचा बेड लॉरीत होता, ज्याच्या बापाची ऐरण लॉरीत होती, त्यानं तोंड उघडलं. 'सरी' म्हणणार होता तो. त्याचे ओठ मला दिसत होते.

"पंच्याऐंशी," मी मशीनवरनं म्हटलं. "आणि जाळी तुमची."

"ताई, पंच्याऐंशीनं मी पीण्याला नाही का जाणार?"

"जावा की. रांगेत उभं राहा दीड महिना."

त्यानं खांदे उडवले आणि रस्ता ओलांडून विठोजीच्या दारात गेला. काय बोलले ऐकू आलं नाही. गरज नव्हती. आम्ही तर जाळी परत देतो साहेब, नेहमी, असं गल्लीसमोर म्हणालेला माणूस आता कुठल्या तोंडानं जाळी मागणार? लॉरी गेली तशी विठोजी आमच्या दारात आला. आत आला नाही. उंबऱ्यावर उभा राहून पायातली चप्पल काढत-घालत राहिला.

"वहिनी, बत्तीस म्हणालोय. दोन जास्त दिले त्यानं."

"शाब्बास."

"परवडंल काय?"

मला गप्प बसता आलं असतं. एक शब्द बोलले नसते तर तोही महिन्याभरात स्वतःचा बेड कापत बसला असता, आणि खरं सांगते, ते चित्र मी क्षणभर डोळ्यांपुढं धरलं आणि ते मला गोड लागलं.

"पंचेचाळीस खर्च आहे," मी म्हटलं. "तुमचं नोझल जुनं, तुम्हाला अठ्ठेचाळीस. पंच्याऐंशीच्या खाली हात लावू नका."

"तो देणार नाही."

"मग करू नका."

"घरात पीठ नाही, वहिनी," विठोजी म्हणाला आणि गेला. जाताना माफी मागितली नाही. मागितली असती तर मी पाना फेकून मारला असता.

दयानंदनं खिळ्यावरची किल्ली काढली. मी बघत होते. तो म्हणाला, "बेड नाही, गॅस नाही. मशीन काय छातीवर ठेवून चालवायचं?"

"महिन्यानं चेक येईल."

"महिनाभर काय खायचं? शपथ घेतलेली मी. मोठं काम आलंबी, आणि हातात काय राहिलं? मी उद्या पीण्याला जातो." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "मशीन राहू दे तुझं. ठेव कुठंतरी."

तो गेला, गल्लीच्या टोकाकडं, नंजप्पाच्या घराकडं. गुंडू भिंतीला टेकून बसला होता, जिथं सकाळपर्यंत ऐरण होती तिथं.

मी मशीनवरनं उतरले आणि बाहेर आले. रस्त्याच्या मधोमध, सकाळी जिथं उभी होते तिथंच. दुपारचं ऊन होतं. दारं उघडी होती आणि दारात कुणी नव्हतं. मी ओरडले. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, नरडं फुटेपर्यंत. "पंचवीस एमएमची रिंग! जाळी गिऱ्हाइकाची असली तर पंच्याऐंशी! ऐकताय काय रे सगळे? पंच्याऐंशी! ज्याला त्याला आधी विचारा, जाळी कुणाची! लाज वाटत असली तर माझं नाव सांगा आणि विचारा!"

विठोजीच्या शेडात खट्ट झालं, त्यानं सिलिंडरचा पाना लावला. गल्लीच्या टोकाशी दयानंदनं वळून बघितलं, आणि तो थांबला नाही.

मग तिसऱ्या शेडातनं, सकाळी ज्यानं रिकामा ग्राइंडर फिरवला होता त्या शेडातनं, एक दबका आवाज आला. माणूस दिसत नव्हता.

"मत्ते जाळी नम्मदादरे एष्टु, अक्का?"

जाळी आमची असली तर किती.

"तीस," मी म्हटलं. "पण तोंडानं ठरवून घे. मोठ्यानं."